मेल पुसला म्हणून केस पुसत नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "वर्षापूर्वीचे सगळे ईमेल काढून टाका, लागतील ते प्रिंट करून ठेवा. मेल नाही तर पुरावा नाही, पुरावा नाही तर केस नाही." मी इथल्या एका फाउंड्रीत कमर्शियलचं काम बघतो. कृपा करून हे ऐकू नका.

"मेल नाही तर पुरावा नाही." अहो, मेल दोघांकडे असतो! पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने ड्रॉइंगमधला बदल आम्हाला मेलवर मंजूर करून दिला होता. दोन वर्षांनी त्यांनीच जुन्या ड्रॉइंगवर बोट ठेवून कास्टिंग रिजेक्ट केलं आणि डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, पाठवली. मंजुरीचा मेल आला होता आमच्या डिझाइनच्या मुलाला. तो नोकरी सोडून गेला तेव्हा लायसन्सचे पैसे वाचवायला त्याचं खातं आम्हीच काढलं होतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये होल्ड, म्हणजे मेल राखून ठेवणारी सेटिंग, लावलेला नसेल तर असा मेलबॉक्स ३० दिवसांपर्यंतच परत मिळतो. त्यांच्याकडे सगळं होतं, आमच्याकडे काही नाही. रक्कम सोडून द्यावी लागली. शॉपवर आपण मराठीत बोलतो, सरकारी नोटीस कन्नडमध्ये येते, गिऱ्हाइकाशी निम्मं फोनवर ठरतं. लेखी उरतो तो मेलच.

"वर्षापूर्वीचे." थकलेल्या पैशाचा दावा लावायची मुदतच ३ वर्षांची आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायचे, कंपनी असेल तर वह्या-व्हाउचर ८ वर्षं. आणि बिलं, डेबिट नोटा येतात कुठून? मेलला जोडूनच.

"केस नाही." उलट नवी लागेल. कोर्टात येऊ नये म्हणून मुद्दाम पुसलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. भांडणाचा वास आला की त्या गिऱ्हाइकाचे मेल पुसणं बंद, तेही सगळ्यांना लेखी कळवून.

नुसत्या प्रिंटवरही विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, हीही भरायची असते. मूळ मेलच नसेल तर ती कशाची काढणार?

सगळं जन्मभर साठवा असं मी म्हणत नाही. जाहिराती, नोकरीला न घेतलेल्या मुलांचे बायोडेटा खुशाल काढा, पण मुदत आधी कागदावर ठरवून. आमच्याकडे आता परचेसचा माणूस सोडून निघाला की आधी त्याचा मेलबॉक्स आर्काइव्हला जातो, मग त्याचा हिशेब होतो.