एकदा जिंका, मग आयुष्यभर बोला

रग्बीचा जाणकार म्हणून नाव कमवायचं असेल तर सोलापूरसारखी जागा नाही, कारण इथं तुम्हाला खोडून काढणारा कुणीच नाही. पार्क मैदानाभोवती चहाच्या प्रत्येक गाडीवर क्रिकेटचे चार निवड समिती सदस्य उभे असतात, कबड्डीचे तर विचारूच नका. रग्बीचा एकही नाही. रान मोकळं आहे, मालक.

खेळाची माहिती लागते, पण फार नाही. दोन्हीकडं पंधरा-पंधरा गडी, अंड्याच्या आकाराचा चेंडू, आणि तो हातानं पुढं फेकायचा नाही. मागच्याकडं देत देत पुढं सरकायचं. गड्ड्याच्या जत्रेत कडेवरचं पोरगं मागच्या भावाकडं सोपवून ज्यानं पाळण्याच्या तिकिटापर्यंत मुसंडी मारली आहे, त्याला हे वेगळं शिकवायला नको.

आता करिअरचं. आदर्श म्हणून सर क्लाइव्ह वुडवर्ड डोळ्यांसमोर ठेवा. १९९७ मध्ये ते इंग्लंडचे प्रशिक्षक झाले. १९९९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या यानी द बीअरनं एकट्यानं पाच ड्रॉप गोल मारले (म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकायचा आणि उसळताच लाथेनं दोन खांबांमधून धाडायचा) आणि इंग्लंड उपांत्यपूर्व फेरीतच घरी गेलं. तरी वुडवर्ड यांना कुणी काढलं नाही. हा तपशील तुम्ही पुढं कधीही, कुठंही सांगायचा नाही. कारण चार वर्षांनी, २२ नोव्हेंबर २००३ ला, सिडनीत त्याच माणसाच्या संघानं ऑस्ट्रेलियाला २०-१७ असं हरवून विश्वचषक नेला. जादा वेळेतली शेवटची काही सेकंदं उरली होती आणि जॉनी विल्किन्सननं उजव्या, म्हणजे त्याच्या कच्च्या, पायानं ड्रॉप गोल मारला. लाथ विल्किन्सनची, पुढची वीस वर्षं तुमची.

इथं थोडं खरं बोलतो, रागावू नका. तो माणूस होता भारी. मध्यंतरात तो सगळ्या खेळाडूंना जर्सी बदलायला लावायचा. कोरा कपडा अंगात घालून दुसरा डाव नव्यानं सुरू करायचा. नजर तयार करायला त्यानं शेरिल कॅल्डर नावाच्या बाई आणल्या होत्या. चादरी-टॉवेलच्या गावात तरी कोऱ्या कपड्याचा हा मान ओळखला जावा. पण तुम्ही स्तंभ लिहायला बसाल तेव्हा असले बारकावे पार विसरा. तेव्हा दुसऱ्याच्या संघाबद्दल एवढंच लिहायचं, की पोरांत भूक दिसली नाही.

मधली काही वर्षं भरून काढावी लागतात. २००५ मध्ये वुडवर्ड ब्रिटिश अँड आयरिश लायन्सना, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या एकत्र संघाला, घेऊन न्यूझीलंडला गेले. सोबत टोनी ब्लेअर यांचे जुने प्रसिद्धीप्रमुख ॲलिस्टर कॅम्पबेल होते, वार्ताहरांना सांभाळायला. तिन्ही कसोट्या गेल्या: २१-३, ४८-१८, ३८-१९. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. हरायचंच असेल तर वार्ताहर सांभाळायला माणूस ठेवण्यापेक्षा स्वतःच त्यांच्या बाकावर जाऊन बसलेलं स्वस्त पडतं. मग थोडे दिवस साउदॅम्प्टनच्या फुटबॉल क्लबात, थोडे ऑलिंपिकच्या कारभारात काढायचे, आणि शेवटी 'डेली मेल'चा स्तंभ नि टीव्हीवरची खुर्ची.

खुर्ची मिळाली की गिऱ्हाईक शोधा. शक्यतो ज्याला तुम्ही एकदा हरवलंय, असाच बघा. २००३ च्या त्या अंतिम सामन्यात समोर ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक होते एडी जोन्स. पुढं हेच जोन्स इंग्लंडचे प्रशिक्षक झाले! असा योग सिद्धेश्वरांची कृपा असल्याशिवाय येत नाही. जोन्स यांनी २०१६ ला ग्रँड स्लॅम जिंकला, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने मारले, इंग्लंडचा २००३ नंतरचा पहिला. २०१९ ला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेला आणि तिथं दक्षिण आफ्रिकेकडून ३२-१२ असा हरला. वुडवर्ड त्यांच्यावर लिहीत राहिले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोन्स यांना काढलं गेलं. लिहिल्यामुळं काढलं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही चहाच्या गाडीवर बसला असाल तर 'मी तेव्हाच म्हटलं होतं' एवढं म्हणायला हरकत नाही.

वाक्यं चारच पाठ करा. संघ हरला तर 'मूलभूत गोष्टीच चुकल्या'. जिंकला तर 'आधीच जिंकायला हवं होतं'. नवीन पोराला घेतलं तर 'घाई केली', नाही घेतलं तर 'धाडस नाही'. आणि चार वर्षं थांबा, असं कुणाहीबद्दल म्हणायचं नाही. ती सवलत तुमच्यापुरती होती.

एक धोका मात्र आहे. तुमचं बोलणं ऐकून एखाद्या शाळेचे सर खरंच येतील. म्हणतील, "अण्णा, पोरं गोळा केलीत, चेंडूपण आणलाय. उद्या सकाळी सहाला मैदानावर या की, जरा शिकवा."

घाबरू नका. चहाचा कप खाली ठेवा, चेहरा पडू द्या आणि म्हणा, "आलो असतो हो सर. पण उद्या आमच्याकडं पाणी येतंय."