उत्तरेची खिडकी

आजूबाजूच्या निसर्गाला शोभेल असा स्टुडिओ बांधतोय, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "नागपुरात मे महिन्यात निसर्ग असतो का रे? तोही चिखलदऱ्याला जात असेल."

मी मुलांच्या पुस्तकांसाठी जलरंगात चित्रं काढतो. काटोल रोडच्या आमच्या प्लॉटवर एक जुना कडुनिंब आहे. त्याला धक्का न लावता, त्याच्या सावलीत एक खोली. वर कवेलू, भिंतींना चुना. जमीन शेणानं सारवायचीही होती. पण शेण कोण आणणार, हे बायकोनं आधीच स्पष्ट केल्यामुळे कोटा फरशी बसली.

आणि उत्तरेला भली थोरली खिडकी. चित्रकाराला उजेड उत्तरेचाच हवा. थेट ऊन नाही, दिवसभर एकसारखा.

"एवढी मोठी खिडकी काहून, भाऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

"उत्तरेकडून ऊन येत नाही."

त्यांनी खर्रा या गालातून त्या गालात सरकवला. "येते ना. जेठात येते."

मी त्यांना पृथ्वीचा आस समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि माप घेतलं.

26 मेला नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अंगणात पाण्याची बाटली उभी केली. तिची सावली बुडाखाली गडप! मी कौतुकानं फोटो काढला. सूर्य उद्यापासून कुठे जाणार, हा विचार मात्र संध्याकाळी पाच वाजता सुचला, ऊन खिडकीतून सरळ टेबलावर आलं तेव्हा. नागपूर 21 अंशांवर, कर्कवृत्त साडेतेवीसवर. म्हणजे महाराजांना अजून अडीच अंश उत्तरेला चालायचं होतं, आणि परतताना पुन्हा डोक्यावर यायला जुलैचा मध्य उजाडणार होता. उत्तरेच्या उजेडाचा नियम युरोपातल्या चित्रकारांचा. तिथं सूर्य दुपारी कधी उत्तरेला येतच नाही. मिस्त्रींना मी जो आस समजावला, तो बहुधा त्यांच्याकडचाच असावा.

पंचेचाळीस अंशांच्या उकाड्यात जलरंग म्हणजे शर्यत. आकाशाचा निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, डावीकडून ओढत आणला, ब्रश पुन्हा बुडवला, तेवढ्यात अर्धं आकाश वाळून कडेला कडक रेघ. सशाच्या डोक्यावर दोन तालुक्यांची सीमा! कुलर लावला, तर कागद ओला होऊन पापडासारखा फुगला. शेवटी खिडकीला वाळ्याची ताटी ठोकली. वास काय सुंदर! उजेड मात्र ताटीबाहेर.

पावसाळ्यात उन्हाचा प्रश्न ढगांनी सोडवला. मग आमची काळी माती बोलायला लागली. उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा होत्या. पाणी पिऊन ती अशी फुगली की दाराची चौकट तिरकी झाली. आता दार उघडायला खांदा लागतो. कडुनिंबावरून वानरं उडी मारून छपरावर येतात. निसर्गाला शोभेल असं छप्पर त्यांना फार आवडलंय. एकेक कवेलू उचलून आत डोकावतात, चित्र पाहतात आणि कवेलू तिथंच आपटून निघून जातात.

परवा फुटलेले कवेलू बदलायला मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खांद्यानं दार उघडलं, आत आले. ताटी अजून खिडकीवरच होती. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी जेठाच्या उल्लेखाची वाट पाहत उभा.

"आतमंदी अंधार काहून हाये, भाऊ?" ते म्हणाले. "एखादी खिडकी ठेवाची होती न."