‘साहेबांनी बोलावलंय’

चाळीसगाव असो की शहादा, फोन एकाच वाक्याचा असतो: ‘जरा स्टेशनला येऊन जा, साहेबांनी बोलावलंय.’ कोणत्या गुन्ह्यात, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून, किती वेळासाठी, काही सांगत नाहीत. माणूस जातो. रात्री घरचे डबा घेऊन पोहोचतात तेव्हा ठाणे अंमलदार म्हणतो, ‘अटक नाहीये हो, विचारपूस चालू आहे.’ पोलिसांच्या हातून जे वाईट घडते त्यातले पुष्कळसे या ‘अटक नाहीये’ आणि ‘अटक दाखवली’ यांच्या मधल्या तासांत घडते. ‘दाखवली’ हा शब्दच बघा. अटक करणे वेगळे आणि दाखवणे वेगळे, हा फरक आपल्या बोलीने कधीच ओळखला आहे.

इंग्लंडमधल्या खान्देशी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पोलिसांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, इथले पोलीस बघा, कमरेला पिस्तूल नाही आणि बोलताना ‘सर’ म्हणतात. दुसऱ्याचे, तिकडे एन्काउंटरशिवाय कोणी सुधारणार नाही, पोलिसांना मोकळा हात द्या. दोन्ही तट पोलिसाच्या स्वभावाबद्दल बोलतात. मला फरक स्वभावात दिसत नाही. तो घड्याळ कोणाच्या हातात आहे यात दिसतो.

बदलापूरचे, शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण आठवा. ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यामागे एक मोठे कारण हे होते की लहान मुलीच्या आईला फिर्याद नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळत ठेवले गेले. म्हणजे राग पोलिसांवर होता. २३ सप्टेंबरला त्याच प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि पेढे वाटले गेले. जे पोलीस साधी फिर्याद वेळेवर लिहीत नाहीत, ते गोळी मात्र योग्य माणसाला योग्य कारणासाठीच घालतील, हा विश्वास महिन्याभरात कुठून आला? पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्या दिवशी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकणारे कोणी बोलले नाही.

आता इंग्लंडचे घड्याळ. तिथे संशयिताला पकडून आणणारा पोलीस त्याला कोठडीत टाकू शकत नाही. आधी कस्टडी सार्जंटसमोर उभे करावे लागते. या सार्जंटचा तपासाशी संबंध नसतो, असता कामा नये, हे १९८४ च्या कायद्यातच आहे. ठेवायचे की सोडायचे हे तो ठरवतो आणि त्याच क्षणी कोठडीची नोंदवही उघडते. किती वाजता आणले, अंगावर काय जखमा होत्या, कोणती औषधे चालू आहेत, जेवण केव्हा दिले, वकिलाला फोन केव्हा लागला, सगळे वेळेसह. तपासाशी संबंध नसलेला इन्स्पेक्टर पहिल्या ६ तासांच्या आत आणि नंतर दर ९ तासांच्या आत ठेवण्याची गरज तपासतो. २४ तासांत सलग ८ तास विश्रांती. आरोप न ठेवता २४ तास, सुपरिंटेंडंटच्या सहीने ३६, न्यायालयाच्या परवानगीने जास्तीत जास्त ९६. दहशतवादाचे कायदे वेगळे. ठाण्यात आलेल्या कुणालाही, खिशात कितीही पैसे असोत, वकील फुकट. सुटल्यावर १२ महिन्यांच्या आत त्या नोंदीची प्रत मागता येते.

आणि ज्याला नुसते ‘या’ म्हणून बोलावले आहे, त्याला वाटेल तेव्हा उठून जाता येते. कायदा तसे स्पष्ट लिहितो. जाऊ द्यायचे नसेल तर अटक करा, आणि अटक केली की घड्याळ सुरू. मधली जागाच नाही.

हे काही इंग्रजांच्या चांगुलपणातून आलेले नाही. १९७२ मधल्या लंडनच्या एका खुनात तीन पोरांचे कबुलीजबाब घेतले गेले, त्यांवर शिक्षा झाल्या, आणि १९७५ मध्ये वरच्या न्यायालयाने त्या रद्द केल्या. त्या फजितीतून राजआयोग (रॉयल कमिशन) बसला आणि त्यातून हा कायदा आला.

आपल्याकडे कायद्याने उलटी वाट धरली. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य नाही. २०२३ च्या साक्ष अधिनियमातही ते कलम २३ म्हणून कायम आहे. साक्षीदाराने पोलिसाला दिलेल्या जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, असेही कायदाच सांगतो. म्हणजे दीडशे वर्षे आपला कायदा पोलिसावर विश्वास ठेवू नका असे बजावतो आहे, आणि आपण अविश्वासाचा दोष जनतेला देतो! पण त्या अविश्वासाला एक फट ठेवली आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. मोटारसायकल काढून दिली, विहिरीतून कोयता काढून दिला, शेतात पुरलेले दागिने काढून दिले. म्हणून मारायचे ते कबुलीसाठी नव्हे, ‘रिकव्हरी’साठी. डीबी (ठाण्याचे गुन्हे शोध) पथक आणि एलसीबी (जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा) यांचे कौतुक मुद्देमालाच्या आकड्यावर होते, पेपरात फोटो मुद्देमालाबरोबर छापून येतो. मारण्याचे कारण कामाच्या मोजमापातच बसवलेले आहे, मग ‘पोलिसांना संवेदनशीलतेचे प्रशिक्षण द्या’ म्हणून काय साधणार?

दुसरी गोष्ट रिमांडची. अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले की नेहमीचा प्रश्न येतो, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ उत्तर ‘नाही’. कारण पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मिळाली तर तो त्याच गाडीतून, त्याच हवालदाराबरोबर, त्याच लॉकअपमध्ये परत जाणार असतो. इंग्लंडमधल्या कोठडीला ९६ तासांची भिंत आहे. आपल्याकडे पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंत, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) होऊन जेलमध्ये निवांत झालेला माणूस पुन्हा ठाण्यात येऊ शकतो. ज्याला परत यायचे आहे तो तक्रार कशी करील? सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीतही हेच. हवालदार दारात उभा असताना डॉक्टर विचारतात, कागदावर ‘ताजी जखम नाही’ उतरते.

खान्देशात अविश्वासाची सुरुवात मात्र याहून साध्या ठिकाणी होते. रावेर-यावलला रात्रीतून केळीची खोडे कापून टाकतात, विहिरीवरच्या पंपाची केबल तोडून नेतात, आणि शेतकरी ठाण्यात जात नाही. ‘जाऊ दे ना भो, दिवस जाईल.’ गेला तर कच्चा अर्ज घेऊन परत पाठवतात. व्यापाऱ्याने केळीचे पैसे बुडवले तर ‘ही दिवाणी बाब आहे’. मोबाइल चोरीला गेला तर ‘गहाळ’ लिहा. ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितले की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो. नव्या कायद्याने वाटा थोड्या वाढवल्या, थोड्या बुजवल्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यावी लागते, आणि प्रत मोफत द्यावी लागते. पण ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, आणि ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी परिशिष्टात अदखलपात्र ठरली आहे. म्हणून केबलच्या फिर्यादीत ‘अंदाजे किंमत’ लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. गट नंबर, केबलची लांबी मीटरमध्ये, दुकानाचे बिल किंवा आजच्या भावाचे कोटेशन सोबत द्या. घेतलीच नाही तर अर्ज पोस्टाने अधीक्षकांना, आणि मग प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले अर्ज तिथेच अडकतात. पोस्टाची पावती जपून ठेवावी.

ठाण्यात जाण्यात अर्थ नाही, हे एकदा मनात बसले की काय होते ते साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याने १ जुलै २०१८ ला दाखवले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा, ग्रामपंचायतीची खोली, आणि पाच मृतदेह. ती क्रूरता जमावाचीच होती, तिचा वाटा पोलिसांवर ढकलायचा नाही. पण संशयिताला धरून ठाण्यात द्यावे, पुढचे ते बघतील, ही सवय त्या गर्दीच्या अंगात उरलेली नव्हती. एन्काउंटरला पेढे वाटणारी गर्दी याच रस्त्यावर दोन मैल मागे असते. धुळ्यातही ६ जानेवारी २०१३ ला हॉटेलच्या बिलावरून पेटलेल्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, आणि पोलिसच तोडफोड करत असल्याची चित्रफीत बाहेर आल्यावर काही पोलिसांना अटक झाली. चित्रफीत नसती तर?

इंग्लंडचे गोडवे मी इथेच थांबवतो. २०२१ मध्ये लंडनमध्ये एका सेवेतल्या पोलिसाने ओळखपत्र दाखवून, खोटी अटक करून एका तरुणीला पळवले आणि तिचा खून केला. मार्च २०२३ च्या केसी अहवालाने लंडन पोलीस दल संस्था म्हणूनच वंशवादी, स्त्रीद्वेष्टे आणि समलिंगीद्वेष्टे असल्याचे लिहिले. कोठडीची वही कितीही चोख असली तरी ती रस्त्यावरच्या पोलिसाला पुरत नाही. फरक इतकाच की अहवाल छापला गेला, आणि साध्या कपड्यातल्या एकट्या पोलिसाने स्वतःची खात्री पटवून देण्यासाठी कंट्रोल रूमला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, अशी पद्धत निघाली. बडतर्फ पोलिसांची बंदी-यादी २०१७ पासून आहे. एका दलातून काढलेला दुसऱ्यात शिरत नाही. आपल्याकडे निलंबन ही बातमी असते, पुनर्नियुक्ती ही नसते.

तक्रारीची यंत्रणा आपल्याकडे नाही असे नाही. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण मागितले. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने ते राज्य आणि विभाग पातळीवर आणले, जिल्हा गाळला. खान्देशचे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे, सगळे तिथे नेता येते. फक्त धडगावच्या पावरा आदिवासी माणसाने तारखेला नाशिक गाठायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे. कॅमेऱ्यांचेही तसेच. परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपपासून मागच्या बाजूपर्यंत, आवाजासह कॅमेरे आणि १८ महिन्यांची साठवण सांगितली, जमत नसेल तिथेही वर्षाच्या आत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. तरी चित्रण जतन करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, तारीख आणि तास लिहून.

पोलिसांचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. बंदोबस्त, व्हीआयपी दौरे, समन्स बजावणे आणि तपास एकाच अंमलदाराच्या डोक्यावर असतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, हाही २००६ चाच आदेश. आमदाराच्या चिठ्ठीवर बदली होणाऱ्या निरीक्षकाकडून स्वतंत्र वहीची अपेक्षा करणे अवघड. पण त्या वहीला पैसे लागत नाहीत. रात्री ठाण्यात असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव आणि आल्याची वेळ तपासाबाहेरच्या एका अंमलदाराने लिहायची, एवढ्यापासून सुरुवात होईल.

तोवर त्या फोनचे काय? नुसत्या फोनला कायद्यात आधार नाही. साक्षीदाराला बोलवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ चा लेखी आदेश लागतो. बाईमाणूस, १५ च्या आतला मुलगा, ६० च्या वरचा पुरुष यांना तर ठाण्यात बोलावताच येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा. संशयिताला अटकेविना बोलावायचे तर त्याच संहितेच्या कलम ३५ ची नोटीस. अटक केली तर अटकेच्या कागदावर नातेवाइकाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही, आणि नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अटकेची कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी, रिमांडच्या किमान दोन तास आधी. भिल्ली-पावरी बोलणाऱ्या नंदुरबारला हा निकाल फार मोठा आहे. आदिवासी, दलित, स्त्री किंवा कोठडीतला माणूस असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न विचारता मिळतो, फोन १५१००.

ही कलमे फोनवर म्हणून दाखवू नयेत. साहेब चिडतात, आणि वाद घालून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा ज्या नंबरवरून फोन आला त्यालाच मेसेज करावा: ‘आपल्या फोनप्रमाणे अमुक वाजता येत आहे, सोबत भाऊ आहे, कोणत्या गुन्ह्यात ते कळवावे.’ वेळेचा पुरावा तयार झाला. पूर्वीचे वकील याच कामासाठी अधीक्षकांना आणि कोर्टाला तार करायचे. तार २०१३ मध्ये बंद झाली. आता अधीक्षकांच्या कार्यालयाला ई-मेल करावा, आणि हे काम परदेशातला चुलतभाऊही करू शकतो. माणसाचे नाव, ठाणे, कोणी बोलावले, किती वाजता आत गेला, एवढ्या चार ओळी पुरतात. वेळ मात्र भारतातली लिहावी. इंग्लंडहून पाठवलेल्या मेलवर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागची वेळ उमटू शकते, आणि पुढे कोर्टात सरकारी वकील पहिले बोट त्यावरच ठेवतो.