विषय : डब्यातील गारठ्याबाबत

नागपूरच्या माणसाने थंडीची तक्रार केली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर हसतात. त्यांच्या लेखी आमच्या गावाला एकच ऋतू, ४७.९ अंशांचा. आकडा खरा आहे, २३ मे २०१३ चा. पण याच गावात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता, असं सांगितलं की पलीकडून नुसतं "हो का?" येतं.

वर्ध्याकडे जाणाऱ्या आमच्या पहाटेच्या पॅसेंजरचा डबाही त्या नातेवाइकांच्याच मताचा. तो सगळा मे महिना डोळ्यांपुढे ठेवून बांधलाय. दारं सताड उघडी. उन्हाळ्यात कंगव्याने ढोसल्याशिवाय न फिरणारा पंखा डिसेंबरात बटन बंद केलं तरी फिरतो. खिडकीला दोन झडपा, एक काचेची, एक पत्र्याची. काचेची खाली येत नाही, पत्र्याची येते ती बोटावर. अजनीला बसलेला माणूस खापरीपर्यंत रेक्झिनच्या बाकाला ऊब देतो आणि मग बुडाखाली जरा बरं वाटायला लागतं तोच कोणीतरी म्हणतं, "सरका ना भाऊ थोडे."

त्यात वारा. बाहेर १० अंश असले आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा अंगावर आला, की कातडीला ते ५ अंशांसारखं लागतं. अंगाभोवती तापलेल्या हवेचा जो पातळ थर असतो तो वारा ओरबाडून नेतो. आमच्या डब्यात हे काम खिडकीपाशी बसून खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी) चघळणारे भाऊ करवून घेतात.

भाऊ माणूस चांगला. पण तोंडात खर्रा असल्यावर खिडकी उघडी हवीच, आणि तोंडात खर्रा नाही असं त्यांना कोणी पाहिलेलं नाही.

"भाऊ, लावा ना खिडकी, गारठून राहिलो आम्ही."

भाऊ मान वर करून, ओठ मिटून "उंऽ हूं" करतात. मग बाहेर वाकून मोकळे होतात आणि अतिशय प्रेमाने सांगतात, "लावतो ना बाप्पा, हा संपू तर द्या." तो संपायच्या आत पुढचा पन्नीत घोटणं सुरू होतं. त्यात दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे खिडकी पुन्हा राहिली. आपण हात लांबवून लावावी, तर शेजारच्या बंद काचेकडे बघून धीर होत नाही. तिच्यावरचा नकाशा लाल आहे आणि ताजा आहे.

शेवटी गुमगावच्या पुढे पासवाल्यांनी ठरवलं, अर्ज द्यायचा. मास्तरांनी वहीतला कागद फाडला. 'महोदय, डब्यात असह्य गारठा असून' इथवर आले आणि जिल्हा परिषदेतले काका मफलरीतून बोलले, "मे महिन्यात आपणच लिहिलं होतं, डबा असह्य तापतो म्हणून. साहेब दोन्ही कागद समोर ठेवतील."

यावर बुटीबोरीपर्यंत शांतता.

मग एका पोराने मोबाइलवरून शोधून काढलं की ६ जून २०२५ ला कटरा ते श्रीनगर सुरू झालेल्या वंदे भारतमध्ये हिटर आहेत. एवढंच नाही, संडासाच्या टाकीलाही गरम ठेवायची सोय आहे. हे ऐकून डबा पेटला (म्हणजे बोलण्यात, तसा पेटला असता तर कोणी उठलं नसतं). काश्मीरच्या टाकीला जे मिळतं ते सिंदीच्या पासवाल्याला का नाही, असा मुद्दा मास्तरांनी ठळक अक्षरात घातला. सोबत पंखा बंद करून मिळावा, ही विनंती.

खरी अडचण सह्यांची झाली. कागद बाकाबाकावरून फिरला. प्रत्येकाने मान डोलावून पाठिंबा दिला, पण शालीतून हात कोणी काढेना. काकूंनी तर "माझी तुम्हीच करा" म्हणून टोपरं आणखी खाली ओढलं. हात बाहेर होते ते फक्त खर्रावाल्या भाऊंचे. त्यांनी सही केली, खाली मोबाइल नंबर घातला, आणि कागद मास्तरांना परत देताना म्हणाले, "घ्या. लय थंडी आहे बाप्पा, काहीतरी केलंच पाहिजे."

सिंदीला भाऊ उतरले. मास्तरांनी अर्जाची चौपदरी घडी केली आणि काचेच्या फटीत ठोकून बसवली. सेवाग्रामपर्यंत तेवढा वारा थांबला.