सोलापूरच्या उन्हात कोलोन वाया जातं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात जड परफ्युमपेक्षा कोलोन किंवा वाळ्याचं अत्तर लावा, या सल्ल्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. कोलोन तासाभरात उडतं, म्हणजे पैसे पाण्यात. 'ओ द पार्फम'चे (जास्त तेलाच्या जड परफ्युमचे) पाच फवारे मारले तरच वास संध्याकाळपर्यंत टिकतो. आणि आखातात आपल्याहून कडक ऊन असूनही लोक ऊद (अगरूच्या लाकडाचा जड सुगंध) लावतातच.

कोलोन लवकर उडतं, यात वादच नाही. त्यात सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. १७०९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना या अत्तरवाल्यांचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हापासून हा प्रकार बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ), लिंबू, संत्रं यांच्या सालींच्या तेलांवर उभा आहे. सालीतलं लिमोनीन हलकं, त्याचा रेणुभार १३६. चंदनातलं सँटॅलॉल २२०. हलका रेणू आधी उडणार. पण उडताना तो अंगाला जो ताजेपणा देतो, त्यासाठीच तर कोलोन लावायचं. ते सकाळी एकदा लावून दिवसभर विसरायची वस्तूच नाही. सकाळी तीन फवारे आणि दुपारी तोंड-मान धुऊन, कोरडं करून पुन्हा तीन, अशी त्याची रीत आहे.

आता पाच फवाऱ्यांचा हिशेब. साध्या पंपाचा एक फवारा ०.१ मिलिलिटरच्या आसपास असतो. ओ द पार्फममध्ये तेल १५ ते २० टक्के, म्हणजे पाच फवाऱ्यांत ७५ ते १०० मिलिग्रॅम तेल एकदम अंगावर. कोलोन ४ टक्क्यांचं धरलं, तर दिवसाच्या सहा फवाऱ्यांत मिळून २४. पारा बेचाळिसावर गेला की बाष्पीभवन वाढतं आणि व्हॅनिला, अंबर, कारमेल असले गोड, जड वास, जे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शालीखालून मंद येतात, ते भर दुपारी एकदम उठतात. घामात मिसळले की चिकट, आंबूस वाटतात. शेअर रिक्षात शेजारी बसलेल्याचं डोकं चढतं ते यामुळेच. जड परफ्युम उन्हाळ्यात लावायचाच असेल तर एक फवारा, फार तर दोन, आणि तेही बनियनच्या आत छातीवर. कॉलरवर नको.

आणि पाच लागतात असं वाटण्यामागे बहुतेक वेळा नाकच असतं. एकच वास सतत आला की पंधरा-वीस मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडतं. मस्क आणि काही लाकडी वासांच्या बाबतीत तर हे फारच होतं. लावणाऱ्याला वास मेला असं वाटतं आणि ऑफिसात सगळ्यांना तो येत असतो. खात्री करायला सोपा उपाय आहे. धुतलेल्या सुती पंचाच्या तुकड्यावर एक फवारा मारा, दुसऱ्या खोलीत टांगा, दोन तासांनी बाहेरून आल्या आल्या हुंगा. कापडावर वास अंगापेक्षा जास्त टिकतो, पण तिथे तो असेल, तर अंगावरही थोडाफार शिल्लक असण्याची शक्यता आहे. पंचा सुतीच घ्या. पॉलिस्टरच्या शर्टात घामाचा वास अडकून राहतो, त्यावर मारलेला कुठलाही परफ्युम बिघडतो.

आखाताचं म्हणाल, तर तिथली पद्धत पाहायला हवी. ऊद बराचसा कपड्यांवर असतो: बखूरची (सुगंधी लाकडाच्या धुपाची) धुरी सैल झग्याला देतात, अत्तर कपड्याला, दाढीला लावतात. दिवसाचा मोठा भाग एसीत जातो. आपल्याकडे तोच ऊद घट्ट शर्टावर, दुचाकीवर, उन्हात. वास तोच, वागणूक वेगळी.

आपल्या हवेला वाळाच उत्तम, हे माझं मत कायम आहे. माठात टाकतो, कूलरला लावतो, तोच वाळा. कनौजला त्याची मुळं तांब्याच्या डेगेत उकळून वाफ भपक्यातल्या (वाफ थंड होऊन जमते त्या भांड्यातल्या) चंदनतेलात उतरवतात. त्याचा वास ओलसर, मातकट, थोडा कडवट. उकाड्यात तो गोड पडत नाही. अत्तरात अल्कोहोल नाही, सगळंच तेल, म्हणून एक थेंब जवळजवळ दोन फवाऱ्यांच्या ओ द पार्फमइतका भरतो. कापसाच्या फायावर एकच थेंब घ्या, फाया कानाच्या पाळीत ठेवा किंवा शर्टाच्या आतल्या शिवणीला टेकवा. पांढऱ्या कापडावर थेट नको, डाग पडतो.

चंदन महाग असल्यामुळे स्वस्त अत्तरात लिक्विड पॅराफिन किंवा डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, अत्तर पातळ करायचं द्रव्य) असतं. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकला तर तेल तरंगतं, डीपीजी विरघळतं. पॅराफिन मात्र तेलासारखंच तरंगत असल्यामुळे या चाचणीत सुटतं. ते पकडायला थेंब कडक अल्कोहोलात टाकून हलवा: चंदनतेल स्वच्छ मिसळतं, पॅराफिनचे थेंब वेगळे राहतात. इतर काही स्वस्त द्रव्यं दोन्ही चाचण्यांतून निसटतात, म्हणून 'पास' झालं म्हणजे अस्सल, असं धरू नका.

पैशांचं गणित असं. समजा, कोलोनची १०० मिलिलिटरची बाटली ६०० रुपयांची, तर सहा फवाऱ्यांचे रोज सुमारे साडेतीन रुपये. तेवढाच ओ द पार्फम ४००० रुपयांचा, तर पाच फवाऱ्यांचे २० रुपये. दोनच फवारे मारलेत तरी आठ. पाण्यात कुठलं गेलं, ते तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही, पण महत्त्वाची आहे. बर्गमॉट आणि लिंबाच्या सालीच्या कच्च्या तेलात बर्गाप्टेन नावाचं रसायन असतं. ते कातडीवर असताना कडक ऊन लागलं की लालसर चट्टा उठतो आणि मागे काळा डाग महिनोन् महिने राहतो. नामांकित कंपन्या त्याचं प्रमाण मर्यादेत ठेवतात. सुट्या तेलांतून घरी मिसळलेल्या किंवा खुल्या कोलोनची खात्री नाही. दुचाकीवर निघणार असाल तर असलं कोलोन मानेवर आणि हातावर मारू नका, कपड्याच्या आत मारा.

दुपारच्या फेरीसाठी १० मिलिलिटरची छोटी बाटली भरून बॅगेत ठेवा. गाडीच्या डिकीत नको. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि सालींच्या तेलांचा वास काही आठवड्यांत टर्पेंटाइनसारखा होऊ लागतो. मोठी बाटली खोक्यासकट कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, पश्चिमेच्या भिंतीचं कपाट सोडून.