अनुमोदक जागा झाला

माझा स्वभाव शांत आहे असा आमच्या सोसायटीत चौदा वर्षं समज होता. मिटिंगमध्ये कुठलाही ठराव आला की माझी मान डोलायची आणि सेक्रेटरी वहीत ‘अनुमोदक’ म्हणून माझं नाव लिहून मोकळे व्हायचे. ती डुलकी होती, हे स्लीप स्टडीनंतर कळलं.

अंगभर वायरी चिकटवून एक रात्र झोपलो. रिपोर्टात आकडा आला ४२. तासाला बेचाळीस वेळा श्वास अडखळतो, दर वेळी निदान दहा सेकंद. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं; आकडा तिसाच्या वर गेला की तो गंभीर. हिला रिपोर्टची गरज नव्हती. घोरणं थांबलं की ही दचकून उठायची, सुरू झालं की ‘आहेत’ म्हणून कूस बदलायची.

मग सीपॅप मशीन आलं, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. पहिल्या रात्री नाकात हवा घुसली तेव्हा मला ते लगेच पटलं. मशीनला डिस्टिल्ड वॉटर लागतं. दुकानदार म्हणाला, “इन्व्हर्टरला का?” म्हटलं, “नाही हो, मला.”

आठवडाभर नाकावर वळ आणि पोटात हवा. नवव्या दिवशी मात्र गजराआधी जाग आली, डोकं लख्ख. चहाचा घोट घेतला आणि ओरडलो, “साखर?”

“दोन वर्षं झाली बंद करून,” ही म्हणाली. “विचारलं होतं की तुम्हाला.”

मुलाची बाइक, बाल्कनीतलं कबुतरांचं जाळं, साडूंना दिलेले पन्नास हजार. सगळ्याला मी ‘हं’ म्हटलं होतं म्हणे. त्या रविवारी मिटिंगमध्ये लिफ्टच्या रंगाची तीन कोटेशन्स मागितली. सेक्रेटरींनी जिन्यात हिला गाठलं. “वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” ही म्हणाली, “तेच तर झालंय!”

परवा रात्री वीज गेली. मास्क काढून तसाच आडवा झालो. सकाळी डोकं जड, चहा गोड, आणि ही कधी नव्हे इतकी प्रसन्न. बशीखाली एक कागद होता. नव्या सोफ्याचं बिल, ॲडव्हान्स भरलेला.

“रात्री अकराला विचारलं तुम्हाला,” ही म्हणाली. “चांगलं तीनदा ‘हं’ म्हणालात.”