मामा चुकीचा नाही

आज बहिणीकडे हिंगणघाटला गेलो होतो. भाची दुसरीत, इंग्रजी शाळेत. तिनं वही पुढं केली. ‘माझं कुटुंब’ असं पान होतं. माझ्या चित्राखाली तिनं इंग्रजी अक्षरांत ‘मामा’ लिहिलं होतं, त्यावर लाल पेनानं काट आणि वर ‘अंकल’. पोट्टी मला विचारते, “मामा, तू चुकीचा आहे का?”

डोकं फिरलं. अजून फिरलेलंच आहे.

आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण माझ्या मामांनी हे कधी चुकवलं नाही. एसटीतून उतरून घरी आले की आधी न्हाणीपाशी पाय धुवायचे, धोतराच्या सोग्याला हात पुसायचे, मग चड्डीतल्या मला उभं करून वाकायचे. कापूस वेचून खरवडलेली बोटं माझ्या पायाला लागायची. अंकल वाकतो का हो पोराच्या पायाशी?

काका, मामा, मावसा, बापाचा दोस्त, ऑटोवाला, सगळे एकाच पोत्यात भरायचे! जावळ कोणाच्या मांडीवर काढायचं मग? लग्नात “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं” अशी हाक येते तेव्हा नेमकं कोणी उठायचं?

आणि गंमत नाही, चीड येते ती याची, की हा ‘अंकल’ आला लॅटिनच्या ‘अव्हंक्युलस’वरून, आणि त्याचा अर्थ होता आईचा भाऊ. म्हणजे मामाच! बापाच्या भावाला ‘पात्रुअस’ हा वेगळा शब्द होता. जुन्या इंग्रजीतही मामा वेगळा, काका वेगळा. पुढं फ्रेंचातून ‘अंकल’ आला आणि ते दोन्ही शब्द गेले. त्यांचं त्यांनी घालवलं, आपण का घालवायचं? त्यांचा अंकल तर कुठंही चालतो. ‘अंकल सॅम’ म्हणजे अमेरिकेचं सरकार. तिकडं पोरं झोंबाझोंबीत ‘अंकल म्हण’ म्हणतात, म्हणजे हार कबूल कर. जुन्या बोलीत गहाण ठेवून घेणारा सावकारसुद्धा अंकल. अन् तोच शब्द माझ्या भाचीनं मला लावायचा?

बरं, अनोळखी माणसाला आपणही काका म्हणतोच. इंग्रजी पोरांना यायलाच पाहिजे, तेही मान्य. मॅडमला वरून जे पुस्तक आलं तेच त्या शिकवणार.

पण मामा आठवतात. शेवटी शेवटी त्यांना वाकणं जमत नव्हतं. मी गेलो की खाटेवरूनच हात लांबवायचे. मी पाय मागं घेतला की रागवायचे, “माह्या बहिणीचं पोरगं हायेस तू!” मग मीच खाटेजवळ सरकून उभा राहायचो.

आज निघताना मीही भाचीच्या पाया पडलो. ती हसत सुटली, तिला गुदगुल्या होतात.

सोमवारी शाळेत जाणार आहे. बहीण म्हणते, “दादा, राहू दे, पोरीवर डूख धरतील.” भांडायला जात नाही मी. अंकल शिकवा, खुशाल शिकवा, पण मामावरची ती काट त्याच लाल पेनानं दुरुस्त करून द्या, एवढंच मागणार आहे.